अंगठा लागत नाही

विमानतळावरची इमिग्रेशनची रांग लांबून एकच दिसते. जवळ गेलं की कळतं, त्या चार-पाच आहेत, आणि आपण कुठल्या रांगेत उभं राहायचं हे घर सोडायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं आहे. पासपोर्ट कुठल्या देशाचा, तिकीट कुठल्या क्लासचं, सोबत तान्हं मूल आहे का, व्हीलचेअर आहे का. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. यंत्र तुम्हाला ओळखतं का?

ओळखत असेल तर मजा आहे. काचेचं छोटं फाटक, पासपोर्ट ठेवायला एक खाच, कॅमेऱ्याकडे बघायचं, फाटक उघडतं. ब्रिटनमध्ये अशी ई-गेट्स आधी ब्रिटिश आणि युरोपातल्या लोकांसाठी होती. मे 2019 मध्ये अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर या सात देशांच्या पासपोर्टनाही आत घेतलं. आपण त्या यादीत नाही. त्यामुळे हीथ्रोवर उतरलेला पुण्याचा आयटीवाला शेजारच्या फाटकांमधून लोक भराभर जाताना बघत नागमोडी पट्ट्यांमधून सरकत राहतो. 7 मे 2024 च्या संध्याकाळी नेटवर्क बिघडून देशभरची ती फाटकं काही तास बंद पडली आणि सगळ्या पासपोर्टांचे लोक एकाच रांगेत आले. खरं सांगायचं तर ती बातमी वाचून मला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

आपल्याकडे हा प्रकार 22 जून 2024 ला दिल्लीत सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद. नाव भलंमोठं आहे: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. ट्रस्टेड ट्रॅव्हलर, म्हणजे भरवशाचा प्रवासी. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाले यांच्यासाठी आहे, पैसे पडत नाहीत. ऑनलाइन अर्ज भरायचा, पासपोर्टची पानं अपलोड करायची, तपासणी होते, मग बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला बोलावतात. एकदा नोंद झाली की पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत.

मी दोन अर्ज भरले. एक माझा, एक आईचा.

ताई सिंगापूरला असते आणि तिचे दिवस भरत आले होते. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते. ते जमण्यासारखं नसलं की माहेर उठून तिच्याकडे जातं. आईचा हा पहिला विमानप्रवास. ती 58 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि व्हीलचेअर हा शब्द काढला तरी चिडते. "मी काय लुळी झाले का?" म्हणून मला वाटलं, निदान ताटकळणं तरी वाचवू. दोन्ही अर्ज मंजूर झाले. ठसे द्यायला या असा निरोप आला.

इथं आईच्या बोटांबद्दल सांगायला हवं.

आईचं सगळं आयुष्य सिन्नरला विड्या वळण्यात गेलं. तेंदूची पानं भिजवून ओलसर ठेवायची, पत्र्याचं माप लावून कातरीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानात पसरायची, पान बोटांच्या टोकांवर फिरवून घट्ट वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. आई ऐन उमेदीत दिवसाला हजाराच्या पुढं जायची, शिवाय स्वयंपाक, धुणं, भांडी. आम्ही दोघी बहिणी त्या सुपाशेजारी बसून अभ्यास करायचो. आता विचार केला तर कळतं, या सगळ्या कामात पान, तंबाखू आणि दोरा ज्या एका जागी सतत घासले जातात ती जागा म्हणजे अंगठ्याचं आणि पहिल्या दोन बोटांचं टोक. दिवसाला हजार वेळा, तीस वर्षं. आईच्या बोटांची टोकं आज चकचकीत आहेत. पुस्तकाच्या गुळगुळीत कव्हरासारखी.

याचा पत्ता आम्हाला विमानतळावर लागला नाही, रेशन दुकानात लागला. दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हापासून "अंगठा लागत नाही" हे वाक्य आमच्या गल्लीत रोजचं झालं. विडी कामगार बाया, बांधकामावरच्या बाया, शेतात राबलेली म्हातारी माणसं. प्रत्येकीचे आपापले उपाय. कुणी बोट केसांत फिरवून तेल लावून बघते, कुणी पदराला पुसते, कुणी व्हॅसलीन बाळगते, कुणी करंगळी देऊन बघते. आईची करंगळी कधीकधी लागते. करंगळीला विडी वळताना फारसं काम नसतं.

यातली गंमत आईलाच जास्त कळते. ती सातवीपर्यंत शिकली आहे. कारखान्याच्या हजेरीत ज्या बायांना सही येत नसे त्यांना मुकादम अंगठाबहाद्दर म्हणायचा, आणि आई प्रत्येक वेळी मुद्दाम ठसठशीत, पूर्ण नावाची सही करायची. पासपोर्टवरही तिची तशीच मराठी सही आहे, चौकटीबाहेर जाते की काय अशी. "आयुष्यभर अंगठा द्यायला लागू नये म्हणून सही शिकले," ती रेशनच्या रांगेत एकदा म्हणाली होती, "आता सही कुणाला नको, अंगठा दे म्हणतात."

ठसे द्यायच्या दिवशी माझं काम चार मिनिटांत झालं. उजव्या हाताची चार बोटं, डाव्या हाताची चार, दोन अंगठे, फोटो. मग आई बसली. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा असेल. त्यानं काच पुसली, आईची बोटं टिश्यूनं पुसली, स्वतःच्या हातानं हलकेच दाबून बघितली. पडद्यावर माझ्या वेळी हिरव्या चौकटी आल्या होत्या, आता लाल. मावशी, जरा जोरात दाबा. मावशी, आता जरा कमी. आई त्याला म्हणाली, "करंगळी घे ना बाबा, ती लागते." तो हसला, पण त्याला दहाच्या दहा हवी होती. अर्धा तास तो झटला. शेवटी म्हणाला, ठसे मिळाल्याशिवाय अर्ज पुढं जात नाही, मॅडम. माझ्याकडे बघून म्हणाला, आईकडे बघायचं टाळून.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही का?" मी तिला नाव समजावून सांगितलं होतं ना, भरवशाचा प्रवासी वगैरे. तेच तिनं परत दिलं.

तिचा पासपोर्ट, तसा, घरचाच म्हणायचा. भारताचे पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, सिन्नरहून एसटीनं तासाभराच्या आत. आईच्या माहेरचे दोघंतिघं तिथं कामाला होते.

घरी आल्यावर मी शोधाशोध केली. बोटांवरच्या रेषा पोटात असतानाच तयार होतात. साधारण तिसऱ्या महिन्यात सुरुवात होते आणि सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी पक्की होते. म्हणजे ताईच्या बाळाच्या झाल्यासुद्धा होत्या. पण काही माणसं त्या रेषांशिवायच जन्माला येतात. 2007 मध्ये स्वित्झर्लंडची एक बाई अमेरिकेत शिरताना अडकली, कारण चेहरा पासपोर्टशी जुळत होता पण बोटांवर काहीच नव्हतं. तिनं बाझेलच्या पीटर इटिन या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलं. तिच्या कुटुंबातल्या 16 जणांपैकी 9 जणांना ठसे नव्हते. 2011 मध्ये त्यामागचा जीन सापडला. या अवस्थेचं शास्त्रीय नाव अॅडर्मॅटोग्लिफिया, पण डॉक्टरांनी तिला चेष्टेनं दिलेलं दुसरं नाव मला फार आवडलं: इमिग्रेशन डिले डिसीज. इमिग्रेशनला उशीर होण्याचा आजार! अंगाला काही दुखत नाही, खुपत नाही. तुम्ही सरहद्दीवर जाईपर्यंत तो आजार नसतोच.

दुसरा किस्सा सिंगापूरचाच. कॅन्सरवरचं कॅपेसिटाबीन नावाचं औषध घेणाऱ्या काही जणांच्या हातांची साल निघते. तिथला एक 62 वर्षांचा माणूस ते औषध घेत असताना डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या नातेवाइकांना भेटायला गेला. बोटांचे ठसे गेलेत हे त्याला तिथल्या काउंटरवर कळलं. चार तास बसवून मग सोडलं. त्याच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून सुचवलं की अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी.

आईनं कुणाची चिठ्ठी ठेवावी? विडी कारखान्याच्या मुकादमाची?

यंत्राची बाजूही सांगते, कारण ते काही दुष्ट नाही. समोरचा ठसा आणि साठवलेला ठसा तंतोतंत कधीच जुळत नाहीत, माझेही नाही. यंत्र फक्त किती जुळतंय याचा आकडा काढतं आणि त्याच्या वर हो, खाली नाही अशी एक रेघ कुणीतरी ओढून ठेवलेली असते. रेघ खाली घेतली तर तोतयाही आत जाईल, वर घेतली तर खरी माणसंही बाहेर राहतील. सरहद्दीवर ती रेघ वरच असणार, हे समजण्यासारखं आहे. फक्त बाहेर राहणारी खरी माणसं कोण असतात, ते बघायला हवं. ती चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. ज्यांनी हातांनी कामं केली, तीच पुन्हा पुन्हा निघतात.

आणि या बोटांच्या ठशांचा धंदा सुरू कुठं झाला? आपल्याकडेच. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या हा माणूस सही माझी नव्हेच म्हणेल, ही धास्ती. 1897 मध्ये कलकत्त्यात जगातली पहिली फिंगरप्रिंट कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवली ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. मग ती विद्या समुद्र ओलांडून गेली. 1906 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारनं आशियाई लोकांनी ठसे देऊन नोंदणी करावी, दाखला जवळ बाळगावा असा कायदा आणला. 11 सप्टेंबर 1906 ला जोहान्सबर्गच्या सभेत लोकांनी तो पाळणार नाही अशी शपथ घेतली, सत्याग्रह हा शब्द त्याच लढ्यातून आला, आणि 1908 मध्ये दाखल्यांची होळी झाली. दहा बोटांचे ठसे गुन्हेगाराचे घेतात, आमचे का, असा तो संताप होता.

शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण तेच ठसे द्यायला अपॉइंटमेंट घेऊन, ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून जातो. मीही गेलेच. शेंगेन व्हिसाला दहा बोटं दिली की 59 महिने पुन्हा द्यायला लागत नाहीत, हे माझ्या मैत्रिणी एकमेकींना आनंदानं सांगतात. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं पासपोर्टवरचे शिक्केच काढून चेहरा आणि बोटांवर सगळा हिशोब ठेवायला घेतला आहे. अपमान कधी सोय झाला, नेमकं वर्ष कुठलं, हे कुणी सांगू शकेल असं वाटत नाही.

निघायच्या रात्री आई म्हणाली, "तू जा की तुझ्या फाटकातून. मी येते मागून." मी रांगेतच थांबले. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. आत गेल्यावर परत मागं येता येत नाही आणि आईला "पर्पज ऑफ व्हिजिट" कोण समजावणार? रात्रीचा एक वाजला होता. आमच्या रांगेशेजारी ई-गेट्स रिकामी होती. मधूनच एखादा बॅकपॅकवाला यायचा, दोनदा टुक-टुक, आणि तो नाहीसा. आमची रांग एक तास दहा मिनिटं चालली.

त्या रांगेत कोण होतं? आखातात कामाला निघालेली पोरं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत छातीशी धरून. यातल्या दहावी न झालेल्या बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर त्यांना वेगळी परवानगी काढावी लागते. 1983 च्या कायद्यातली तरतूद, हेतू त्यांचं शोषण होऊ नये हा; पण काउंटरवर त्यांचा पासपोर्ट जास्त वेळ उलटला जातो हेही खरं. (सातवी शिकलेल्या आईच्या पासपोर्टवर ते नाही. पन्नाशी उलटली की तुमचं शिक्षण कुणी विचारत नाही.) आणि दुसऱ्या होत्या बाळंतपणाच्या आया. त्या लगेच ओळखू येतात. पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज, वर नऊवारी किंवा सिंथेटिक पाचवारी, हातात मुलीनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आणि जावयानं प्रिंट काढायला लावलेला कागद. आईनं पंधरा मिनिटांत अशा दोघी हुडकल्या. एक बारामतीकडची, न्यू जर्सीला निघालेली. दुसरी तेलंगणातली, भाषेचा पत्ता नाही, तरी दोघींचं डिंकाच्या लाडवांवर बोलणं झालं. आई रेशनच्या रांगेत तयार झालेली बाई आहे. रांगेत उभं राहून खाली मान घालून फोन बघणं तिला असभ्यपणा वाटतो.

काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघितला, आईकडे बघितलं. "माताजी, किसके पास जा रहे हो?" आई म्हणाली, "लडकी के पास. डिलिव्हरी है." "पहली बार?" "विमान में पहली बार. डिलिव्हरी बहुत की." तो हसला आणि धाडकन शिक्का मारला. बोटं त्यानं मागितली नाहीत.

सिंगापूरला उतरलो तेव्हा माझ्या पोटात गोळा होता. चांगी विमानतळावर 2024 पासून पहिल्यांदा येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही थेट यंत्राच्या फाटकातून जाता येतं. आधी नोंदणी नाही, काही नाही. आईला मी तिथंच सगळं शिकवलं: पासपोर्ट असा पालथा ठेव, फाटक उघडलं की आत जा, खुणेवर उभी राहा. ती आत गेली. आत एकाच माणसापुरती जागा असते, मला जाता येईना. पडद्यावर चष्मा काढा असं चित्र आलं. आईनं चष्मा काढला आणि पदर सारखा केला, फोटो काढतात तेव्हा करते तसा. बोटांचं नावच नाही. सिंगापूरनं माणूस ओळखायला मुख्यतः चेहरा आणि डोळ्याची बुबुळं वापरायला घेतलीत. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे आता याचंही काय होतंय कोण जाणे, असं मी काचेपलीकडून बघत होते. यंत्रानं घेतला त्याचा वेळ. मग पुढचं फाटक उघडलं.

आई पलीकडे जाऊन वळली आणि दोन्ही हात वर केले. खो-खोत गडी बाद केल्यावर करतात तसे.

ताईला पाचव्या दिवशी मुलगी झाली. मी आठवड्यानं परत आले, एकटी. यावेळी माझ्या फाटकातून. पासपोर्ट, चेहरा, बोट, बाहेर. अर्ध्या मिनिटात सुटका होते असं सांगतात, मला थोडा जास्त वेळ लागला असेल. शेजारच्या रांगेकडे मी बघितलं, ती पार खांबामागं वळली होती. बॅग यायला मात्र चाळीस मिनिटं लागली, त्यामुळे वाचवलेल्या वेळाचं काय केलं असं कुणी विचारू नये.

बाळाच्या पासपोर्टचा फॉर्म भरताना आई तिथंच होती. तान्ह्या मुलीची सही कुठून आणणार, तर उजव्या अंगठ्याचा ठसा. तो उठवायचं काम ताईनं आईवर सोपवलं. पोरगी मूठ उघडेना. आईनं तिच्या तळहातात आपलं बोट सरकवून मूठ उघडली, अंगठा शाईला लावला आणि कागदावर टेकवला. ताईनं मला त्याचा फोटो पाठवला. मसुराच्या दाण्याएवढा ठसा, आणि तो मोठा करून बघितला तर सगळ्या रेषा स्वच्छ. खाली आईनं मेसेज बोलून टाकला होता: "पहिल्या फटक्यात लागला बघ."

महिन्यानं आई एकटी परतली. चांगीवरून निघताना तिला पासपोर्टसुद्धा दाखवावा लागला नाही, नुसतं बघून फाटक उघडलं. "ओळखतात आता मला," ती फोनवर म्हणाली. इथं उतरल्यावर ती नेहमीच्या रांगेत लागली. किती वेळ लागला असं विचारलं तर तिला सांगता आलं नाही. पुढे संगमनेरची एक बाई होती, तिच्या सुनेचं काय झालं ते तिनं मला वीस मिनिटं सांगितलं.

परवा गल्लीतल्या बाया पासपोर्ट बघायला आल्या होत्या. सिंगापूरचा शिक्काच नाही म्हणून आई नाराज होती. तिथं शिक्के मारतच नाहीत, ईमेल येतो, हे तिला पटत नाही. पण आपल्याकडचे दोन शिक्के आहेत, जातानाचा आणि येतानाचा, तारखेसकट. तिनं ते सगळ्यांना दाखवले. मग माझा पासपोर्ट मागून घेतला आणि शेजारी ठेवला. माझ्यावर जातानाचा आहे, येतानाचा नाही. फाटकातून आलं की शिक्का मिळत नाही.

आईनं दोन्ही पानं नीट बघितली.

"कागदानं बघायचं झालं," ती म्हणाली, "तर तू अजून आलेलीच नाहीस."